कारच्या डिकीत ऑर्गनायझर कसा बसवायचा? मापापासून बांधणीपर्यंत संपूर्ण माहिती

घाटात वळण आले की डिकीतून 'धडाम' असा आवाज येतो, नारळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घरंगळतो आणि घरी पोहोचेपर्यंत भाजीच्या पिशवीतले टोमॅटो सगळीकडे पसरलेले असतात. बहुतेक कारमालकांना हा अनुभव ओळखीचा आहे. यावरचा सोपा उपाय म्हणजे डिकीचा ऑर्गनायझर, म्हणजेच सामान कप्प्यांत विभागून जागच्या जागी धरून ठेवणारी पेटी किंवा पिशवी.

ऑनलाइन दुकानांत हे ऑर्गनायझर काही शे रुपयांपासून मिळतात. मात्र ते नुसते डिकीत ठेवून दिले तर फारसा उपयोग होत नाही, कारण सामानासकट ऑर्गनायझरच घसरू लागतो. चुकीच्या जागी बसवला तर पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढणे अवघड होते किंवा लहान मुलाच्या सीटचा पट्टा अडकवायची जागा झाकली जाते. म्हणून माप कसे घ्यायचे, प्रकार कोणता निवडायचा आणि तो कसा बांधायचा, याची क्रमवार माहिती येथे दिली आहे.

'डिकी' आणि 'स्टेपनी' हे शब्द आले कुठून?

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात सामानासाठी वेगळी जागा नसे. गाडीच्या मागे खरीखुरी ट्रंक पट्ट्यांनी बांधली जाई. त्यावरून अमेरिकेत या जागेला 'ट्रंक' म्हणू लागले. ब्रिटनमध्ये घोडागाडीतल्या सामानाच्या कप्प्याला 'बूट' म्हणत, तोच शब्द मोटारीला लागला. त्याच काळातल्या काही ब्रिटिश गाड्यांना मागच्या बाजूला बाहेर उघडणारी घडीची बैठक असे. तिला 'डिकी सीट' म्हणत. पुढे ती बैठक गेली, पण आपल्याकडे 'डिकी' हा शब्द सामानाच्या जागेसाठी कायम राहिला.

जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, त्यामागे वेल्समधल्या लनेथली या गावातला स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली आणि कंपनीला रस्त्याचे नाव दिले. ब्रिटनमध्ये हा शब्द जवळपास विसरला गेला, पण भारतातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी तो आजही आहे.

ऑर्गनायझर नेमका कशासाठी? नीटनेटकेपणा हे दुय्यम कारण

सामान सापडावे, सांडू नये, आवाज होऊ नये ही कारणे आहेतच. पण सर्वांत महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे.

गाडी ताशी ५० किमी वेगाने जात असते तेव्हा डिकीतला पाण्याचा कॅनही त्याच वेगाने जात असतो. अचानक ब्रेक लागला तर गाडी थांबते. कॅनला थांबवायला मात्र त्याच्या खालच्या कार्पेटचे घर्षण तेवढेच असते. जोराच्या ब्रेकपुढे ते कमी पडते आणि कॅन पुढे सरकतो.

धडक झाली तर परिस्थिती आणखी गंभीर होते. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. कोणतीही वस्तू साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडल्यावर जमिनीला टेकताना तिचा वेग एवढाच असतो. म्हणजे ५ लीटर पाण्याचा मोकळा कॅन या वेगाने सीटवर आदळणे हे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो कॅन खाली पडण्यासारखे आहे.

हेच दुसऱ्या पद्धतीनेही समजून घेता येते. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन गाडी साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. ५ किलोची वस्तू त्या क्षणी १०० किलोसारखी वागते. वस्तू मोकळी असेल आणि कडक पृष्ठभागावर आदळून फार कमी अंतरात थांबली, तर हा जोर आणखी वाढतो.

हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते, फक्त मागच्या सीटची पाठ असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या १७ क्रमांकाच्या नियमात या पाठीची सामानाच्या धडकेसाठी चाचणी आहे. तीत प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे डिकीत ठेवून ताशी सुमारे ५० किमीच्या धडकेत पाठ तग धरते का, हे पाहिले जाते. यावरून सीटच्या पाठीला मर्यादा असते हे लक्षात येते. जड सामान पाठीला टेकवून बांधलेले असेल तर ते वेग घेऊन तिच्यावर आदळत नाही. दीड-दोन फूट मोकळे अंतर असेल तर आदळते.

आधी ओळखा: आपली डिकी कोणत्या प्रकारची?

सगळ्या गाड्यांसाठी एकच ऑर्गनायझर चालत नाही. डिकीची क्षमता कंपन्या लीटरमध्ये देतात. उदाहरणार्थ, मारुती सुझुकी वॅगन आर ३४१ लीटर, बलेनो ३१८ लीटर, होंडा सिटी ५०६ लीटर, तर तिसरी रांग उघडी असताना अर्टिगा २०९ लीटर. पण केवळ लीटर पाहून ऑर्गनायझर घेऊ नये. आकार लीटरपेक्षा महत्त्वाचा असतो.

*हॅचबॅक:* डिकी उंच पण कमी खोल असते. वर पार्सल ट्रे असतो. पेटीची उंची ट्रेच्या खाली राहील अशीच असावी. ट्रे काढून सामान वर रचले तर मागच्या काचेतून दिसणे बंद होते आणि ब्रेक लागल्यावर वरचे सामान थेट प्रवाशांच्या डोक्यावर येऊ शकते.

*सेडान:* डिकी खोल आणि लांब असते, पण तोंड लहान असते. अनेक सेडानमध्ये झाकणाचे बिजागर वाकड्या दांड्यांचे असतात आणि झाकण बंद करताना त्या दांड्या डिकीच्या आत उतरतात. तिथे पेटी असेल तर ती चेपते किंवा झाकण बंदच होत नाही.

*एसयूव्ही:* तळ सपाट आणि जागा मोठी, त्यामुळे लहान पेटी जास्त घसरते. मात्र बांधायला तळाशी किंवा बाजूला हुक असण्याची शक्यता जास्त असते.

*सातआसनी गाडी:* तिसरी रांग उघडली की डिकी अरुंद होते, मिटली की लांबरुंद होते. येथे घडी होणारा ऑर्गनायझर सोयीचा ठरतो. काही गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते आणि ती खाली सोडायचा बोल्ट डिकीच्या तळात असतो. तो झाकला जाऊ नये.

*सीएनजी गाडी:* मुंबई-पुण्यात अशा गाड्या मोठ्या संख्येने आहेत. पारंपरिक रचनेत साधारण ६० लीटर पाणीक्षमतेचे सिलिंडर डिकीत आडवे बसवलेले असते आणि उरलेली जागा अरुंद, वाकडीतिकडी असते. काही मॉडेलमध्ये स्टेपनीही डिकीत उभी असते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझ सीएनजीमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी प्रत्येकी ३० लीटरची दोन लहान सिलिंडरे तळाखाली बसवली आणि त्यामुळे २१० लीटर डिकी मोकळी राहिली. ह्युंदाईनेही पुढे अशी जोडसिलिंडरांची रचना आणली.

सीएनजी गाडीत एक नियम कटाक्षाने पाळावा: सिलिंडरला, त्याच्या पट्ट्यांना, नळीला किंवा व्हॉल्व्हला ऑर्गनायझरचा हुक अडकवू नये आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचण्याची वाट अडवू नये. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते, तेव्हा तेथील सगळे सामान बाहेर काढावे लागणार हेही लक्षात ठेवावे.

*हायब्रिड गाडी:* काही हायब्रिड मॉडेलमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी असते. बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा घेणारी जाळी मागच्या सीटजवळ किंवा डिकीत असू शकते. ती कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून मोकळी ठेवावी.

माप कसे घ्यावे?

मेजरिंग टेपने पुढील पाच मापे घ्यावीत:

१. डिकीच्या तोंडाची रुंदी आणि उंची. पेटी याच वाटेने आत जाणार आहे.

२. तळाची रुंदी. दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे असतात, त्यांच्यामधले सर्वांत कमी अंतर धरावे.

३. तळाची खोली. सीटची पाठ तिरकी असते, त्यामुळे तळाशी जास्त आणि वर कमी अंतर मिळते. पेटीच्या उंचीवर किती खोली मिळते ते मोजावे. मागच्या सीटची पाठ मागे झुकवता येत असेल तर ती नेहमीच्या स्थितीत ठेवूनच मापे घ्यावीत.

४. तळापासून पार्सल ट्रेपर्यंतची उंची. सेडानमध्ये झाकण बंद असताना मिळणारी उंची.

५. दोन हुकांमधले अंतर. यावरून पट्टा किती लांब लागेल ते कळते.

प्रत्येक मापातून २ ते ३ सेंमी वजा करावेत. काठोकाठ बसणारी पेटी काढता-घालता येत नाही आणि प्लॅस्टिकच्या भिंतींवर ओरखडे पाडते.

सेडानच्या झाकणाखाली किती उंची मिळते हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी सोपी युक्ती आहे. वर्तमानपत्राचे सैल बोळे एका खोक्यावर ठेवून झाकण हलक्या हाताने बंद करावे आणि पुन्हा उघडावे. बोळा जिथे चेपला असेल तिथे दांडी येते, असे समजावे.

ऑर्गनायझरचे प्रकार

*घडीची कापडी पेटी:* सर्वाधिक विकला जाणारा प्रकार. जाड पॉलिस्टर कापड आणि आत पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. दोन-तीन कप्पे, बाहेरून जाळीचे खिसे. वापर नसेल तेव्हा घडी घालता येते. घेताना तळात कडक पाटी आहे का, पट्टे आणि हुक सोबत येतात का हे पाहावे. पुठ्ठ्याची पाटी पावसाळ्यात ओल धरून मऊ पडते, त्यामुळे प्लॅस्टिकची बरी.

*कडक प्लॅस्टिकची पेटी:* पाणी, तेल, चिखल यांना जुमानत नाही, धुता येते. पण घडी होत नाही आणि तळ गुळगुळीत असल्यामुळे घसरते. खाली रबरी चटई आवश्यक.

*सीटच्या पाठीवर लटकणारा ऑर्गनायझर:* हेडरेस्टच्या दांड्यांना अडकतो आणि डिकीचा तळ मोकळा राहतो. टॉर्च, कापड, हातमोजे, छत्री अशा हलक्या वस्तूंसाठी उत्तम. जड वस्तूंसाठी अजिबात नाही, कारण त्या उंचीवर असतात आणि झोके घेतात.

*जाळी:* चार हुकांना ताणून बसवायची लवचिक जाळी. एखादी बॅग दाबून धरायला चांगली. लहान वस्तू तिच्यातून निसटतात.

*वेल्क्रोच्या उभ्या पट्ट्या:* इंग्रजी 'एल' आकाराचे आडोसे. कार्पेटला चिकटतात आणि कॅन किंवा पिशवीला कोपऱ्यात अडवून धरतात. ज्यांना कायमची पेटी नको, त्यांच्यासाठी योग्य.

ज्यांच्या डिकीत रोज थोडे सामान आणि महिन्यातून एकदा मोठ्या बॅगा असतात, त्यांना घडीची पेटी सोयीची. सीएनजी गाडीसाठी सीटच्या पाठीवरचा किंवा वेल्क्रोचा प्रकार पाहावा. किराणा, दुकानाचा माल किंवा शेतातला भाजीपाला नेणाऱ्यांना कडक पेटी जास्त टिकते.

वेल्क्रो कुठे चिकटतो आणि कुठे नाही?

वेल्क्रोच्या एका पट्टीवर बारीक आकडे असतात आणि दुसरीवर मऊ फासे. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्राल यांना ही कल्पना १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली.

डिकीतले लोकरीसारखे कार्पेट मऊ फाशांचे काम करते, म्हणून आकड्यांची पट्टी थेट त्यावर बसते. रबरी मॅट किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तळावर ती बसत नाही. खात्री करण्यासाठी पट्टीचा छोटा तुकडा कार्पेटवर दाबून आडवा ओढून पाहावा.

वेल्क्रो आडव्या ओढीला भक्कम असतो, पण कडेला धरून वर सोलला की सहज सुटतो. त्यामुळे तो पेटीला घसरण्यापासून रोखतो. धडकेत पेटी उचलली जाऊ नये यासाठी मात्र पट्टाच हवा.

लागणारे साहित्य

मेजरिंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, कोरडे फडके, व्हॅक्यूम क्लीनर किंवा ब्रश, रबरी अँटीस्लिप चटई, ५ सेंमी रुंद वेल्क्रो, बक्कल असलेले दोन नायलॉनचे पट्टे. दुचाकीच्या कॅरियरला लावतात ती लवचिक रबरी दोरी टाळावी. धडकेत ती ताणली जाते आणि सामान सुटते. शिवाय तिचा हुक निसटून डोळ्याला लागण्याचा धोका असतो.

बसवण्याच्या पायऱ्या

पायरी १: डिकी पूर्ण रिकामी करावी. सगळे सामान बाहेर काढून तीन ढीग करावेत: गाडीत कायम हवे असलेले, कधीतरी लागणारे आणि गाडीत असायचे कारणच नसलेले. तिसरा ढीग अनेकदा सर्वांत मोठा निघतो. तो घरात न्यावा. ऑर्गनायझर किती मोठा हवा हे पहिल्या ढिगावरून ठरते.

पायरी २: स्टेपनी आणि साधने तपासावीत. तळाची पाटी उचलून स्टेपनीतील हवा, जॅक, पाना आणि टोइंग हुक जागेवर आहेत का पाहावे. २०२० मधल्या नियमबदलानंतर काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असतो. तो कुठे आहे हे माहीत करून घ्यावे.

पायरी ३: तळ स्वच्छ आणि कोरडा करावा. धूळ, वाळू आणि केस असतील तर वेल्क्रो बसत नाही आणि रबरी चटई घसरते. कार्पेट ओले असेल तर दोन तास उन्हात डिकी उघडी ठेवावी.

पायरी ४: कागदावर आखणी करावी. ऑर्गनायझरच्या तळाच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून डिकीत ठेवावा. तो तळाची पाटी उचलण्याची खाच, डिकीचा दिवा, चार्जिंग सॉकेट किंवा सीट पाडण्याची कळ झाकत नाही ना, हे पाहावे. ऑनलाइन खरेदी करायची असेल तर ऑर्डर देण्यापूर्वीच ही पायरी करावी.

पायरी ५: मुलाच्या सीटचे अँकर शोधावेत. अनेक गाड्यांत आयसोफिक्स चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवण्याचा कडा मागच्या सीटच्या पाठीवर, पार्सल ट्रेजवळ किंवा डिकीच्या तळाशी असतो. हा कडा मुलाच्या सीटसाठी आहे. तिथे ऑर्गनायझरचा हुक अडकवू नये आणि चाइल्ड सीटच्या ताणलेल्या पट्ट्यावर सामानाचा दाब येऊ देऊ नये.

पायरी ६: रबरी चटई अंथरावी. ऑर्गनायझरच्या तळापेक्षा किंचित लहान तुकडा कापावा, म्हणजे कडा दिसत नाहीत आणि दुमडत नाहीत. ऑर्गनायझरच्या तळाला वेल्क्रो असेल आणि कार्पेट मऊ असेल, तर चटई घालू नये. दोन्ही एकत्र वापरल्यास वेल्क्रो कार्पेटपर्यंत पोहोचत नाही.

पायरी ७: पेटी उघडून सीटला टेकवावी. घडी उघडून तळाची पाटी नीट दाबून बसवावी. पेटीची लांब बाजू गाडीच्या रुंदीला समांतर ठेवावी आणि पेटी मागच्या सीटच्या पाठीला टेकवावी. डिकीच्या दाराजवळ ठेवलेली पेटी हाताला लवकर येते, पण ब्रेक लागल्यावर तिला पुढे धावायला मोकळी जागा मिळते.

पायरी ८: पट्टे बांधावेत. पुढे सरकणे सीटची पाठ रोखते. पट्ट्याचे काम पेटीला उचलण्यापासून आणि बाजूला सरकण्यापासून रोखणे हे आहे. त्यामुळे एका बाजूच्या तळाच्या हुकापासून पेटीच्या कडीतून दुसऱ्या बाजूच्या हुकापर्यंत पट्टा न्यावा आणि खालच्या दिशेने ताण येईल असा आवळावा. चार हुक असतील तर दोन पट्टे फुलीसारखे बांधावेत. पिशव्या लटकवायचे लहान प्लॅस्टिकचे हुक यासाठी वापरू नयेत. ते काही किलोंसाठीच असतात आणि त्यांची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते.

तळाशी हुक नसतील तर पट्टे हेडरेस्टच्या दांड्यांना घेता येतात. मात्र त्यासाठी हेडरेस्ट काढून ठेवू नयेत आणि पट्टा मधल्या प्रवाशाच्या सीटबेल्टच्या वाटेत येऊ देऊ नये.

पायरी ९: सीटची पाठ पक्की लॉक करावी. घडी होणारी सीट बंद केल्यावर 'खट्' असा आवाज आला पाहिजे. काही गाड्यांत लॉक नीट बसले नसेल तर कळीजवळ लाल खूण दिसते. पाठ हाताने पुढे ओढून खात्री करावी. लॉक न झालेल्या सीटच्या मागे कितीही भक्कम बांधलेला ऑर्गनायझर निरुपयोगी आहे.

पायरी १०: सामान भरून झाकण बंद करावे. जड वस्तू तळाशी आणि सीटच्या बाजूला ठेवाव्यात. झाकण पहिल्यांदा हळू लावावे. कुठे अडले तर जोर न लावता पेटीची जागा बदलावी.

पायरी ११: चाचणी घ्यावी. मागेपुढे वाहने नसलेल्या मोकळ्या जागी ताशी २० ते ३० किमी वेगाने गाडी चालवून नेहमीपेक्षा थोडा जोरात ब्रेक लावावा. दोन्ही बाजूंना वळण घ्यावे, स्पीडब्रेकरवरून जावे. नंतर डिकी उघडून पेटी किती सरकली ते पाहावे. दोन सेंमीपेक्षा जास्त सरकली असेल तर पट्टे पुन्हा आवळावेत.

पायरी १२: स्टेपनी काढून पाहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पंक्चर नेहमी दिवसाढवळ्या होत नाही. रात्री, पावसात, एकट्याने मोबाइलच्या उजेडात ऑर्गनायझर सोडवून जॅकपर्यंत पोहोचता येईल का, हे घरीच करून पाहावे. दोन-तीन मिनिटांत जमत नसेल तर बांधणी सोपी करावी. गाठी मारण्याऐवजी बक्कल वापरण्याचे कारण हेच आहे.

काय कुठे ठेवावे?

- सीटजवळचा खालचा कप्पा: पाण्याचे कॅन, तेलाचा डबा, टायरमध्ये हवा भरायचा पंप, जंप स्टार्टच्या केबल.
- मधला कप्पा: किराणा आणि भाजीसाठी रिकामा ठेवावा. भरलेल्या ऑर्गनायझरमध्ये नव्या पिशवीला जागा नसेल तर पिशव्या पुन्हा मोकळ्याच राहतात.
- दाराजवळचा कप्पा: फर्स्ट एड किट, वॉर्निंग ट्रायंगल, टॉर्च. गाडी बंद पडल्यावर या वस्तू इतर सामान न उपसता हाती आल्या पाहिजेत.
- जाळीचे खिसे: कापडी पिशव्या, हातमोजे, फडके.
- वेगळी प्लॅस्टिक पिशवी: ओली छत्री, रेनकोट, चिखलाच्या चपला.

आंब्याची पेटी, सिमेंटची गोणी, गणपतीच्या दिवसांतले सजावटीचे सामान अशा मोठ्या वस्तूंसाठी घडीचा ऑर्गनायझर काढून ठेवावा आणि त्या वस्तू त्याच पट्ट्यांनी तळाला बांधाव्यात. जास्त वजन नेताना मागच्या टायरमधील हवा गाडीच्या दारावरील स्टिकरमध्ये पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

डिकीत काय ठेवू नये?

उन्हात उभ्या गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त तापमान होते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४५ अंश असतात. डिओ, परफ्यूम, मच्छर मारण्याचा स्प्रे यांच्या डब्यांवर साधारणपणे ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये, असे लिहिलेले असते. त्यामुळे असे डबे, लायटर, सॅनिटायझरच्या बाटल्या, पॉवर बँक आणि फटाके डिकीत कायमचे ठेवू नयेत. बाटलीत पेट्रोल ठेवणे तर धोकादायकच. औषधेही उष्णतेने खराब होतात, म्हणून फर्स्ट एड किटमधील मलम आणि पट्ट्यांच्या तारखा अधूनमधून पाहाव्यात.

नेहमी होणाऱ्या चुका

*तळाला स्क्रू मारणे:* डिकीच्या पत्र्याखाली इंधनाची टाकी, वायरिंग, ब्रेकच्या किंवा सीएनजीच्या नळ्या असू शकतात. भोक पाडले की तिथून पाणी शिरते आणि गंज धरतो. ऑर्गनायझरसाठी भोक पाडण्याची कधीच गरज नसते.

*गोंदाने चिकटवणे:* उन्हाळ्यात गोंद सुटतो, कार्पेटवर डाग राहतो आणि स्टेपनीची पाटी उचलता येत नाही.

*मोठ्यात मोठा ऑर्गनायझर घेणे:* रिकाम्या कप्प्यांत नको ते सामान साठते. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार गाडीत सुमारे ४५ किलो जादा वजन असेल तर मायलेज साधारण १ टक्क्याने घटू शकते. लहान गाडीला त्याचा फटका जास्त बसतो.

*पेटी बांधली, पण आतले सामान मोकळे:* अर्ध्या रिकाम्या कप्प्यातली बाटली आतल्या आत आदळत राहते. मोकळी जागा टॉवेल किंवा कापडी पिशव्यांनी भरावी आणि झाकण असेल तर ते लावावे.

खर्च न करता घरगुती पर्याय

बाजारात भाजीसाठी वापरतात तो प्लॅस्टिकचा क्रेट उत्तम ऑर्गनायझर होतो. तो भक्कम असतो, जाळीदार असल्यामुळे ओल राहत नाही आणि कोणत्याही छिद्रातून पट्टा ओवता येतो. खाली रबरी चटई, आत पुठ्ठ्याचे किंवा जुन्या फ्लेक्सचे विभाजक आणि वरून एक बक्कलचा पट्टा, एवढे पुरे. क्रेटच्या कडा सीटच्या कव्हरला घासू नयेत म्हणून त्या बाजूला जुन्या कपड्याची पट्टी गुंडाळावी.

देखभाल

पहिल्या आठवड्यानंतर पट्टे एकदा तपासावेत, कारण नवे पट्टे थोडे सैल पडतात. महिन्यातून एकदा पेटी काढून खालचे कार्पेट झाडावे. वेल्क्रोत अडकलेले केस आणि धागे जुन्या टूथब्रशने काढावेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कापडी पेटीला बुरशी लागते, त्यामुळे ती दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून वाळवावी. बक्कलला तडा गेला किंवा पट्ट्याची शिवण उसवली तर ते लगेच बदलावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ऑर्गनायझर बसवला तर आरटीओची अडचण येते का?*
नाही. काढता-घालता येणारी पेटी म्हणजे गाडीच्या रचनेतला बदल नव्हे. सीट कायमची काढून टाकणे ही वेगळी बाब आहे.

*गाडीची वॉरंटी जाते का?*
पट्टे, वेल्क्रो आणि चटई वापरल्यास काही प्रश्न येत नाही. भोके पाडून वायरिंग किंवा पत्र्याचे नुकसान झाले तर कंपनी त्या भागाची जबाबदारी नाकारू शकते.

*नुसती रबरी चटई पुरेशी नाही का?*
शहरातल्या रोजच्या ब्रेकसाठी आणि वळणांसाठी बहुतेक वेळा पुरते. महामार्गावर किंवा जड सामान असताना पट्टा हवाच, कारण पेटी उचलली गेली की चटईचा उपयोग संपतो.

*सेडानमध्ये मागे पत्र्याची भिंत असते, मग बांधायची गरज आहे का?*
अनेक सेडानमध्ये सीटमागे पत्र्याचा आधार असतो, पण ज्या सेडानची मागची सीट पाडता येते तिथे तो सलग नसतो. शिवाय घसरणारे सामान झाकणाच्या दांड्यांत आणि दिव्यांच्या वायरिंगमध्ये अडकू शकते. त्यामुळे सेडानमध्येही बांधलेले चांगले.

*एका दिवसासाठी सामान जास्त असेल तर?*
पेटी घडी करून सीटच्या पाठीला लावावी, जड बॅगा सर्वांत खाली आणि सीटला टेकवून ठेवाव्यात, सामानाची उंची सीटच्या पाठीपेक्षा कमी ठेवावी. मागच्या सीटवर कुणी बसणार नसेल तरी तिथले सीटबेल्ट लावून ठेवावेत. त्यामुळे सीटच्या पाठीला पुढून थोडा जादा आधार मिळतो.